पायलीभर जवारीचा उकंडा

नत्थू सालदार बाभळीच्या सावलीत तोंड उघडं टाकून घोरत पडला होता, आणि त्याच्या धोतराचा सोगा रूपरावच्या शेळीच्या दाव्याला बांधलेला होता. बांधणारी बाई लांब वावरात वाकून तुरीची धसकटं वेचत होती. मान खाली, टोपलं कमरेला आणि चेहऱ्यावर एवढी गरिबी की पाहणाऱ्याला दया यावी. बाकीच्या बायांनी पदर तोंडात कोंबले होते.

"हासू नोका वं," धुरपता पुटपुटली. "शेळी घाबरीन."

बोरखेडीत असं काही घडलं की लोक आधी धुरपता थुलीणीचं नाव घेत आणि काय घडलं ते मागून विचारत. चाळिशी उलटलेली, रंगानं काळी, हाडापेरानं दणकट बाई. नवरा बापूराव साप चावून गेला. पोटी काही नाही. दुसरी कोणी असती तर कुडाला टेकून वाळून गेली असती. हिनं अख्ख्या गावाची फिरकी घ्यायचा धंदाच काढला होता. घोड्यावर बसायची हौस असलेल्या पाटलाच्या जावयाला हिनं गाभण गाढवीवर बसवलं होतं. पण एक गोष्ट होती. तिला कोणी काहीही बोलो, ती सव्वाई परत करायची, मात्र एक शब्द तिच्या तोंडावर उच्चारायची गावात कोणाची छाती नव्हती. मूल नसलेल्या बाईला म्हणतात तो.

सायकलची घंटी वाजली. शेळी दचकली आणि धुऱ्याकडे पळाली. नत्थूचं धोतर तिच्यामागं निघालं, आणि धोतरामागं नत्थू.

"अबे! अबे! धर थिले!"

"शेळीले धरू का तुले झाकू, एक सांग!" धुरपता ओरडली, आणि सगळं वावर खिदळलं.

सायकलवरून महादेवराव गुरुजी उतरले. हा माणूस एरवी अशा वेळी चष्मा पुसून पुसून हसायचा. आज त्यांनी सायकल बाभळीला टेकवली आणि नत्थूकडे पाहिलंही नाही.

"रूपराव कुठी हाय?"

वखरामागं उभा असलेला वावराचा धनी रूपराव कासरा टाकून जवळ आला. धसकटांच्या ढिगाऱ्यावर बसून ढेकळानं गणितं करत बसलेलं त्याचं पोरगं उकंडाही उठून उभं राहिलं.

"उकंड्याचं नाव नाई निघालं, रूपराव."

हसू एकदम थांबत नाही. कडेच्या दोघीतिघी अजून हसतच होत्या.

"नाई निघालं म्हंजे? लेखीत तं थो पयला होता नं, गुरुजी?"

"लेखीत पयलाच होता. तोंडीत काटला. सरकारी निवासी शाळा हाय थे, एका नावासाठी शंभर पोट्टे मांगं उभे. खोटी माहिती देल्ली म्हणतात. अर्जात माय शकुबाई, जात कुणबी. अन् यानं साहेबाइले सांगतलं, माह्या मायचं नाव धुरपता थूल, बौद्ध वस्तीतली. तीनदा विचारलं, तीनदा थेच. साहेब म्हणतात, सवलतीच्या जागेसाठी पोट्टं शिकवून पाठवलं."

सगळ्यांनी धुरपताकडे पाहिलं. ती टोपलं कमरेला तसंच धरून उभी होती. तळपायात धसकट घुसलं होतं, ते तिला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी चप्पल रक्तानं चिकटली तेव्हा कळलं.

उकंडा म्हणाला, "खोटं काऊन? माय माही धुरपताच हाय नं."

आणि त्याच्या बाजूनं तेच खरं होतं.

शकुबाईची पहिली तिन्ही लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथं झालं तेव्हा सासूनं, आनंदाबाईनं, ठरवलं की याला सटवाईच्या डोळ्यापुढं यायचंच नाही. पाचवीच्या आधी तिनं पोर सुपात घातलं आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेणावर, राखेवर. मग ठरल्याप्रमाणं धुरपता तिथून "सहज" निघाली.

"कोणाचं हे लेकरू?" धुरपतानं विचारायचं होतं.

"कोणाचं नाई. टाकेल हाय," आनंदाबाईनं म्हणायचं होतं.

"मंग मी घेतो."

धुरपताला ते नाटक फार आवडलं होतं. नाटक म्हटलं की ती पुढं. पण सूप उचललं तेव्हा त्या गोळ्यानं तिचं बोट धरलं, आणि पुढचं वाक्य तिला आठवेना. आनंदाबाई दातओठ खात म्हणाली, "बोल नं वं, किंमत बोल!" तेव्हा ती म्हणाली, "पायलीभर जवारी." पदरात बांधून आणलेली जवारी तिनं उकिरड्याच्या कडेला सोडली. त्याच जवारीची भाकर आनंदाबाईनं शकुबाईला समोर बसवून खाऊ घातली. शेवटचा घास गिळल्याचं गळ्याकडं पाहून ठरवलं आणि म्हणाली, "आता सौदा पक्का. किंमत पोटात गेल्याबिगर सौदा होत नाई. आता हा तुहा नाई. बाशिंग बांधेलोक याले माहा म्हनशीन नोको. म्हटलं का सटवाईनं आयकलं समज."

शकुबाईनं दूध पाजलं, पण दुसऱ्याच्या लेकराला पाजावं तसं. उकिरड्यावरून उचललं म्हणून नाव उकंडा ठेवलं. तो धुरपताला माय म्हणायचा आणि शकुबाईला काकू. बाप मात्र बापच. सटवाई बापाकडं पाहत नाही, असं आनंदाबाईचं मरेपर्यंतचं मत होतं, आणि बापांकडं एकंदरीत कोणीच पाहत नाही हे धुरपताचं.

तिच्या बौद्ध वस्तीतल्या प्रेमदासनं तिला धरलंच होतं. "धुरपते, दीक्षा घेतली नं आपण? हे सटवाई-फिटवाई काय लावलं?"

"म्या सटवाईचं काई केलं नाई," ती म्हणाली होती. "म्या लेकरू घेतलं."

असं करता करता पोरगं दहा वर्षांचं झालं होतं. रोज दिवेलागणीला ते तिच्या अंगणात बसून पाढे म्हणायचं आणि ती चुलीपुढून नाट लावायची.

"सात साती?"

"एकोणपन्नास."

"पन्नास कर, घेऊन टाकतो."

"एकोणपन्नासच असते, माय!"

"अरे एकाचा काय भाव करतं? पन्नास."

पोरगं चिडून पाटी आपटायचं. धुरपताला त्या चिडण्याची चटक लागली होती.

त्या संध्याकाळी ती रूपरावच्या अंगणात गेली. तिची जागा ठरलेली होती, तुळशीच्या अलीकडं, दगडापाशी. शकुबाईनं गडवा आणला आणि धुरपताच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. धुरपता पाणी प्यायली आणि रोजच्यासारखी म्हणाली, "माही जवारी खाल्ली तवा बाटली नाई. आता इतक्या उंचावरून काऊन ओततं, शकुबाई? मान मोडते माही."

रोज शकुबाई हसायची. आज हसली नाही.

"गुरुजी म्हणतात, वर्ध्याले जाऊन दाद मागता येते," रूपराव खाटल्यावरून म्हणाला. "तिघंबी जाऊ, पोरगंबी नेऊ. फक्त हिनं साहेबापुढं म्हणाले पाह्यजे, हा माहा पोरगा हाय म्हून."

"मी नाई म्हणत," शकुबाई म्हणाली.

"अवं, एक शबुद हाय."

"तुमच्यासाठी शबुद हाय. म्या तीन पुरले." ती कुडाकडं तोंड करून भाकरी थापायला बसली. थापताना परातीवर हात इतके आपटत होते की पीठ उडून तिच्या भुवयांवर बसलं. "शाळा नाई तं नाई. जित्ता राह्यला पाह्यजे."

"वावरात तं आमीबी जित्ते हावो," रूपराव म्हणाला. "पाय माह्याकडं. असं जित्तं राहाचं त्यानं?"

उकंडा दारात उभा होता. तो कोणाकडंच पाहत नव्हता. त्यानं नुसतं विचारलं, "काकू, तू एकडाव म्हनशीन तं मी खरंच मरीन काय?"

तव्यावरची भाकर करपली. शकुबाईनं ती काढली आणि चटका बसला म्हणून बोटं तोंडात घातली. धुरपता दगडापासूनच म्हणाली, "शकुबाई, तुही भाकर जळली का कच्ची राह्यली, कसं ओळखाचं वं? मीठ तं कधीच नसते." तरीही कोणी हसलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "चाल तं खरं. म्हणू नोको. नुसती उभी राह्य. बोलाचं काम माहं."

पवनारपर्यंत चालत गेले. धाम नदीचं पाणी आटून नुसते दगड उघडे पडले होते. एसटीत उभं राहून वर्धा. उकंड्यानं गुरुजींनी दिलेला जुना पांढरा शर्ट घातला होता, त्याच्या बाह्या हातांपेक्षा लांब होत्या. धुरपतानं त्या दुमडून दिल्या. तो वाटभर तिच्याच पदराला धरून होता.

कचेरीच्या दारात शिपाई स्टुलावर बसून पाय हलवत होता. "साहेब कोणाले भेटत नाई. सोमवारी या."

"सोमवारी नाई जमत," धुरपता म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आणला. "दादा, साहेबाच्या मामेसासूचा सांगावा हाय. घरचं हाय, असं चारचौघात बोलता येत नाई."

शिपाई स्टूल सोडून उभाच राहिला. "मामेसासू? थे... म्हंजे काय झालं?"

"तुले सांगू का साहेबाले सांगू?"

दार उघडलं. रूपरावनं धुरपताकडं असं पाहिलं, जणू आता आपल्याला पोलीसच नेणार. ती डोळा मिचकावून आत शिरली.

आतला साहेब राक्षस नव्हता. चष्मा, पिकलेले कल्ले, टेबलावर ताकाचा पेला. पंखा गरम वारा खाली ढकलत होता. सांगावा मामेसासूचा नाही हे कळल्यावर तो चिडला, पण धुरपता म्हणाली, "साहेब, तुमाले मामेसासू असन नं? थिले माहा नमस्कार सांगजा, झाला सांगावा." तेव्हा त्याच्या मिशीचं एक टोक हललं. त्यानं फाइल ओढली.

"हे बघा. मुलगा हुशार आहे, मला नाकारायचं नाही. पण आई कोण हेच खरं सांगत नसेल तर मी काय करू? उद्या कोणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल." त्यानं शकुबाईकडं पाहिलं. "बाई, हा तुमचा मुलगा ना?"

शकुबाईनं पदराचं टोक दातात धरलं.

"हो साहेब, थिचाच—" रूपराव बोलू लागला.

"तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या. बाई?"

शकुबाईच्या कपाळावरून घाम खाली येऊन कुंकवात मिसळला. लाल ओघळ नाकापर्यंत आला. ती उकंड्याकडं पाहायलाही तयार नव्हती. पाहिलं तरी सटवाईला कळेल अशा भीतीनं भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"आई असून आई म्हणवत नाही?" साहेब थकून म्हणाला. "मग मी काय समजायचं?"

त्यानं फाइल बंद करायला हात घातला.

धुरपताच्या डोक्यात गोष्टी अशाच यायच्या, शेळीच्या दाव्यासारख्या. आली की हात चालायचा. तेव्हाही तसंच झालं. डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं. मधे काळजाला विचारायला वेळच मिळाला नाही.

"थांबा साहेब. शकुबाई, सौदा फिरवू."

"काय?"

"म्या घेतला नं तुह्यापासून? मंग मी इकतो. तू इकत घे. इकत घेतलेल्या मालाले माहा म्हणाले कोणाची भीती? सटवाईच्या बापाची नाई."

शकुबाई तिच्याकडं पाहत राहिली. खूप दिवसांत तिनं धुरपताच्या डोळ्यात इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

"माह्यापाशी जवारी नाई," ती हळूच म्हणाली.

"भाकर हाय नं शिदोरीत? जवारीचीच हाय नं थे?"

शकुबाईनं शिदोरीचं फडकं सोडलं. साहेबाच्या टेबलाच्या कडेवर, फायलीच्या बाजूला, भाकरीची चवड उघडी पडली. साहेबाचा हात ताकाच्या पेल्यावर तसाच राहिला. शकुबाईनं भाकर मोडली. चतकोर तुकडा धुरपतापुढं धरला. यावेळी वरून नाही. हातात हात लागला.

"कोणाचं हे लेकरू?" शकुबाईनं विचारलं. तिला शब्द पाठ होते. तिनं ते बारा महिने तेरा काळ मनात घोकले असणार.

धुरपताला म्हणायचं होतं, कोणाचं नाई. तिनं घसा साफ केला. "घे. तुहं."

"माहा हाय," शकुबाई म्हणाली. आणि मग जे सुटलं ते सुटलंच. "माहा हाय, साहेब. माहा उकंडा. माह्या पोटचा हाय थो. म्या पाजला. म्या त्याले माहा म्हटलं नाई कधी, साहेब, एकडावबी नाई—" तिनं पोराला छातीशी धरलं. दहा वर्षांचं पोर तिच्या अंगाला काठीसारखं लागून उभं राहिलं. हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना.

साहेबानं चष्मा काढून पुसला. "बरं. आता मुलगा सांगेल. बाळ, तुझी आई कोण?"

उकंड्यानं शकुबाईच्या पदरातून मान बाहेर काढली आणि धुरपताकडं पाहिलं. परीक्षेत विचारलेल्याचं उत्तर येत असल्यासारखं त्याचं तोंड उजळलं होतं.

"हे. माही माय."

साहेबानं श्वास सोडला. "बघा. मी काय लिहू?"

रूपराव खाली बसला, जमिनीवरच.

धुरपतानं भाकरीचा तुकडा पदरात बांधला. गाठ मारायला तिला फार वेळ लागला. मग ती साहेबाला म्हणाली, "साहेब, लिवा. मी वांझोटी हावो."

बोरखेडीत जो शब्द कोणी तिच्या तोंडावर काढला नव्हता, तो तिनं पंख्याखाली, शिपाई दारात उभा असताना, स्वतःच काढून टेबलावर ठेवला.

"मले लेकरू झालंच नाई. हा मले माय म्हणते थे नुसतं गमतीचं. मी गावभर गमती करत फिरतो. विचारा कोणालेबी." ती उकंड्याकडं वळली. "तुही माय तथी उभी हाय. मी मजुरीले येणारी बाई हावो तुह्या बापाच्या वावरात. माहा तू कोणी नाई. समजलं?"

"माय—"

"साहेब विचारून राह्यले नं! सांग त्याइले!"

तिनं त्याला कधी असं ओरडलं नव्हतं. पोराचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा झाला. दुमडलेली एक बाही सुटून हातावर आली.

"शकुबाई रूपराव भोयर," तो म्हणाला.

साहेबानं लिहिलं.

बाहेर आल्यावर शकुबाई धुरपताच्या कानाशी लागली. "भाकर खाजो वं. नाई तं सौदा पक्का होत नाई."

"साहेबाच्या दारात खाऊ काय? घरी जाऊन खातो."

"आजच खाजो."

"खातो नं, बाई. तुही भाकर खाचं म्हंजे दात घासून बसा लागते."

परतीच्या एसटीत उकंडा शकुबाईजवळ बसला. खिडकीबाहेर पाहत होता. त्याची सुटलेली बाही धुरपताला दिसत होती. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

आठवडा गेला नसेल, गुरुजी पुन्हा सायकलवर आले. यावेळी ते लांबूनच हात हलवत होते. नाव निघालं होतं. रूपरावनं गावात गूळ वाटला. नत्थू सालदारानं शेळीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. पोरगं गेलं तेव्हा सगळं गाव पवनारच्या रस्त्यापर्यंत आलं. उकंडा पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. तो शकुबाईच्या पाया पडला. "येतो, माय."

शकुबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जरा घाईनं म्हणाली, "धुरपताबाईच्याबी पाया पड."

तो वाकला. धुरपताला काहीतरी मोठं बोलायचं होतं, गावाला आठवडाभर हसवेल असं. तिला एवढंच सुचलं.

"काय गा, सात साती पन्नास नं?"

सगळे हसले. उकंड्यानं तिच्याकडं पाहिलं. नेहमीची चीड त्याच्या डोळ्यात शोधली तिनं. तिथं काही नव्हतं.

"असतीन, धुरपताबाई," तो म्हणाला, आणि एसटीत चढला.

पुढं निंदण सुरू झालं. दिवसभर चिखलात उकिडवं बसून गवत काढायचं, संध्याकाळी पाय पांढरे फटक सुरकुतलेले. धुरपता बायांना हसवायची. दिवसभर हसवायची. पण तिचं हसणं संपल्यावरही तिचा आवाज थांबायचा नाही, आणि बाया हळूच एकमेकींकडं पाहायच्या. नवीन कोणी तिच्या अंगणात पाढे म्हणायला येत नव्हतं. चुलीपुढं बसून ती कधीतरी स्वतःशीच म्हणायची, "सात साती?" आणि मग भाकर उलटायची.

आखाडीनंतर एका दुपारी पाऊस लागला होता. रूपराव पोराला भेटून सकाळीच परतला होता. धुरपता घरीच होती. कुडाच्या भिंतीतून ओल आत येत होती आणि ती राखेनं भेगा बुजवत बसली होती. दारात सावली पडली. शकुबाई. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, डोक्यावर पोतं. ती कधी या घरात आली नव्हती. आतापर्यंत तिच्याकडून या घरात काही आलं असेल तर ताक, तेही दुसऱ्याच्या हातानं.

ती आत आली आणि चुलीजवळ येऊन बसली. विचारलंही नाही.

"ताप हाय त्याले," ती म्हणाली. "मुदतीचा. दवाखान्यात ठेवला म्हणते. हे भेटून आले तं त्याईले ओळखलं नाई त्यानं."

धुरपताच्या हातात राख तशीच राहिली.

"खरं सांगजो, धुरपते. मले थट्टा नोको करू आज." शकुबाईनं तिचं मनगट धरलं. "भाकर खाल्ली नं तू?"

धुरपता अख्ख्या गावाला बनवत आली होती. पाटलाला, शिपायाला, साहेबाला. "खाल्ली नं" एवढे दोन शब्द तिला अवघड नव्हते. तिनं तोंड उघडलं. आणि तिची नजर आपोआप वर गेली.

चुलीच्या वर, धुरानं काळ्या पडलेल्या शिंक्यात एक फडकं होतं. शकुबाईनं ते पाहिलं. ती उठून पाहायला गेली नाही. तिला गरज नव्हती.



"मले माईत होतं," शकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मीबी नसती खाल्ली, धुरपते. म्या खाल्ली तवा सासूनं नरडं धरून ठेवलं होतं." मग ती म्हणाली, "आयक. नसंन खाचं तं नोको खाऊ. सौदा मोड. थो तुहाच राहू दे. तू जा तथी, तू बस त्याच्या उशाशी, तुले माय म्हणू दे. फक्त राहू दे. माहा नाई म्हणत मी. माहा नाई."

तिनं हात जोडले. ज्या हातांनी इतकी वर्षं वरून पाणी ओतलं, ते हात चुलीच्या राखेत टेकले.

धुरपता उठली. तिचा या सटवाईवर विश्वास नव्हता. दीक्षेच्या दिवशी तिनं सगळे देव धामच्या पाण्यात सोडून दिले होते. पण समोरच्या बाईचा होता. आणि दवाखान्यात कोणत्यातरी खाटेवर पडलेल्या पोराचा किती होता, ते तिला ठाऊक नव्हतं. काकू तू म्हनशीन तं मी खरंच मरीन काय, असं त्यानं विचारलं होतं. शकुबाईनं तर साहेबापुढं म्हटलं होतं; ते आता परत घेता येत नव्हतं, फक्त सौदा पक्का करता येत होता.

तिनं शिंकं खाली ओढलं. फडकं सोडलं. कचेरीतली ती चतकोर भाकर धुरानं काळी, दगडासारखी वाळून कठीण झाली होती. एका कडेला बोटाचा ठसा होता, शकुबाईच्या थापण्याचा. इतके दिवस रोज ती फडकं सोडून तो पाहत होती. आज तिनं त्यावरच पहिला घास घेतला.

दात लागेना. तिनं जबड्यानं दाबून दाबून तुकडा मोडला. चावला. हिरडीतून रक्त आलं. शकुबाई तिच्या गळ्याकडं पाहत होती, आनंदाबाईनं तिच्या गळ्याकडं पाहिलं होतं तशी. तो घास धुरपताच्या गळ्यातून खाली गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मात्र तिचा श्वास अडकला. खोकला आला, डोळ्यातून पाणी आलं आणि तोंडावरची राख त्यात ओली झाली.

शकुबाईनं धुरपताच्याच माठातून गडवा भरला. तिनं तो वरून धरला नाही. धुरपताच्या ओठांना टेकवला.

धुरपता पाणी प्यायली. उलट्या हातानं तोंड पुसलं.

"मीठ नाई वं तुह्या भाकरीत," ती म्हणाली.

उरलेला तुकडा शकुबाईनं गडव्यातल्या पाण्यात भिजवला, मऊ झाल्यावर बाहेर काढला आणि धुरपताच्या हातावर ठेवला.